वळलेली पंगत

घर बघायला म्हणून बोलावतात आणि सोफ्यावर बसू देत नाहीत, अशी घरं बेळगावात मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातली दोन तर माझ्याच हातची आहेत. एका वकिलांकडे वास्तुशांतीनंतर वर्षभरानं सहज डोकावले, तर मी जीव ओतून सजवलेल्या दिवाणखान्यावर जुन्या चादरी पांघरलेल्या, आणि सगळं कुटुंब मागच्या धुण्याच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून शेंगा सोलतंय. वकिलीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "तिकडं बसलं की खराब होतं हो."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी भलतेच प्रश्न विचारते. ओला टॉवेल कुठं टाकता? रुसलेलं माणूस कुठल्या खोलीत जाऊन बसतं? पाहुणे जास्त झाले की जमिनीवर कोण झोपतं? पहिल्या भेटीत निम्म्या लोकांना वाटतं, बाईचं काहीतरी बिनसलंय. पण उत्तरं खरी मिळाली तर घर श्रीमंत दिसतं आणि वापरताही येतं. शिवाय घरानं दिवसभर एकाच पोजमध्ये उभं राहू नये असं माझं मत आहे. सकाळची अभ्यासिका दुपारी पाहुण्यांची खोली झाली पाहिजे, आणि संध्याकाळी दोन भिंती सरकवल्या की बारसं उरकता आलं पाहिजे.

हे मी कॉलेजात नाही, नाटकात शिकले. हौशी मंडळींत मी गेले होते अभिनय करायला. माझा आवाज असा, की पहिल्या रांगेतला माणूस उठून मागं जाऊन बसायचा. दिग्दर्शकानं दोन तालमींत माझी किंमत ओळखली आणि मला नेपथ्याकडे हाकललं. तिथं चार लाकडी चौथरे आणि दोन पडदे एवढ्यावर राजवाडा, कोर्ट आणि एसटीचा स्टँड उभा करायचा, तोही अंधारात, कुणाच्या पायाचा अंगठा न चेचता. घरं मी अजून तशीच करते. अंधार तेवढा करत नाही.

तर एक जोडपं माझ्याकडे आलं. तो तिघा भावांतला धाकटा, गाव खानापूरकडचं, बेळगावजवळच्या मच्छेला यंत्राचे भाग बनवायचा स्वतःचा कारखाना. बोलणं कमी. रंग विचारला की बायकोकडे बघायचा, फरशी विचारली की छताकडे. बायको चिकोडीची, चुणचुणीत. तिच्या फोनमध्ये परदेशातल्या घरांचे एवढे फोटो होते, की मला माझंच दुकान बंद करून घरी जावंसं वाटलं. तिला पांढरा इटालियन मार्बल हवा होता. हॉलच्या मधोमध दोन पायऱ्या खाली उतरून बसायची गादीची बैठक हवी होती. मी आतून नाचायला लागले. अशी खोल बैठक मला जन्मात एकदा तरी करायचीच होती.

पण नियम म्हणजे नियम. मी विचारलं, "ह्या घरात एका वेळी सगळ्यात जास्त माणसं कधी बसणार?"

तिनं फोन पालथा ठेवला. "गणपतीत," म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. भावांची वाटणी झाली होती. गावच्या घरात पंगत बसायची त्या पुढच्या सोप्याच्या मधून भिंत आली होती. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. गणपती मात्र अजून सगळ्यांचा एक होता. त्याचीही एक अट होती, आणि ती घातली होती तिघांच्या थोरल्या बहिणीनं, जिला सगळं घराणं आक्का म्हणतं आणि जिच्यासमोर तिघेही भाऊ अजून मांडी सावरून बसतात. अट अशी, की ज्या घरात सगळं घराणं एका पंगतीला, एका ओळीत जेवेल, त्या घरात गणपती. दोन पंगती चालणार नाहीत. दुसऱ्या पंगतीला भात गार असतो आणि जिभा गरम, असं आक्कांचं म्हणणं.

भिंत आल्यावर कुठल्याच घरात तेवढी ओळ मावेना. आदल्या वर्षी दोन पंगती झाल्या, दुसऱ्या पंगतीत कोण बसलं यावरून बोलाचाली झाली, आणि मधला भाऊ म्हणाला, पुढच्या साली मी माझा गणपती वेगळा आणतो. आमच्या भागात शेत वाटलं तर लोक त्याला वाटणी म्हणतात. गणपती वाटला की मात्र भाऊ एकमेकांना लग्नात आणि कोर्टातच भेटतात.

"ह्यावर्षी आमच्याकडं बसवूया म्हणून दोघांस्नीबी कबूल करून घेतल्यालं हाय," ती म्हणाली. "पण एक डाव पंगत बसली न्हाय तर पुन्यांदा कोण कुणाच्या दारात येणार न्हाय, मॅडम."

माझ्यातला नेपथ्यकार खडबडून जागा झाला. एकीकडे हॉलच्या पोटात खड्डा, दुसरीकडे सबंध घराण्याची सलग ओळ. मी तोड काढली ती अशी: खोल बैठक करायचीच. तिच्यावर झाकायला सागवानी फळ्या करायच्या, लांबलचक, मार्बलच्या बरोबरीनं बसणाऱ्या. एरवी त्या फळ्या भिंतीतल्या खाचेत उभ्या राहतील आणि बघणाऱ्याला वाटेल, वा, काय लाकडी भिंत आहे. गणपती आले की फळ्या आडव्या, खड्डा गायब, हॉल सपाट.

स्लॅब पडल्यावर मी तिथं खडूनं रेघा मारल्या आणि सुतार, गवंडी, फरशीवाले सगळ्यांना ओळीनं बसवून पंगतीची तालीम घेतली. वाढपी म्हणून मी स्वतः रिकामं घमेलं घेऊन फिरले. एका गवंड्यानं विचारलं, "बाई, नुसतं बसायचं व्हय?" त्यामुळे खरं जेवण मागवावं लागलं. पण ओळ बसली.

काम संपत आलं तेव्हा धाकट्या जावेनं एकदा भीत भीत विचारलं होतं, की पंगतीला गावाकडच्या सतरंज्या आणू का. मी छातीवर हात ठेवून दोन पावलं मागं सरले. या मार्बलवर सतरंज्या! बिचारीनं त्या गावातच ठेवल्या.

चतुर्थीला मला आमंत्रण होतं. शहापुरात मागावरनं उतरल्या उतरल्या घेतलेली साडी नेसून मी वेळेआधीच गेले, टाळ्या घ्यायला. गणपती हॉलच्या एका टोकाला बसले होते. आरती झाली. मग मी सगळ्यांना कडेला उभं केलं आणि प्रयोग सुरू केला. भिंतीतून एकेक फळी निघते, खड्ड्यावर बसते, टक्क असा आवाज होतो. पोरांनी खरंच टाळ्या वाजवल्या. आक्कांनी फळीवर एक पाय आपटून बघितला आणि मान हलवली. एवढ्यावर मी पडदा पाडायला हवा होता.

पानं मांडली. आमच्याकडे ओळ वयानं लागते, देवाच्या बाजूनं थोरल्याचं कुटुंब आधी. थोरल्याची सगळी माणसं बसली ती नेमकी फळ्यांवर. मधल्याच्या माणसांची पानं आली मार्बलवर. मला त्यात काहीच दिसलं नाही. मी मार्बल आणि सागवानाचा जोड कसा बेमालूम दिसतोय ते बघत होते.

मधली जाऊ निपाणीची. तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली, बोलणंही तसंच, आधी वास येतो आणि मग ठसका लागतो. ती आपल्या पानासमोर उभी राहिली आणि बसेचना. धाकटीनं विचारलं, काय झालं वैनी. तर ती शांतपणे म्हणाली, "थोरल्यांस्नी सागवानी पाट, आमास्नी गार फरशी. मुद्दाम केलासा, का आपसूक झालं?"

सगळ्यांच्या माना खाली वळल्या, आणि तेव्हा कुठं मला माझं नेपथ्य दिसलं. पाट कुणाला मिळतो, हे आमच्याकडे जावयाला, व्याह्याला, गुरुजींना विचारा. पाट म्हणजे मान. मी निम्म्या घराण्याच्या बुडाखाली मान सरकवला होता आणि निम्म्याला फरशीवर बसवलं होतं. चौरस फुटांचा हिशेब माझा चोख होता.

थोरला भला माणूस, तो म्हणाला, तुम्ही या इकडं, आम्ही तिकडं बसतो. त्यानं ते आणखी बिघडलं. "आता दिल्यालं घ्यू व्हय आमी?" मधली म्हणाली. तिच्या नवऱ्यानं खिशात गाडीची किल्ली चाचपली. धाकटीचा नवरा नेहमीप्रमाणे छताकडे बघत होता. छत माझंच होतं, पण त्यात उत्तर नव्हतं. सतरंज्या असत्या तर लाकूड आणि दगड दोन्ही एका क्षणात सारखे झाले असते. त्या होत्या गावात, कडीकुलपात, माझ्या सौंदर्यदृष्टीच्या कृपेनं. भाताची वाफ कमी होत चालली होती.

धाकटीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोरल्यांच्या माणसांना तिनं जरा उठायला सांगितलं, पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि खड्ड्यावरची पहिली फळी उचकटली. माझ्या तोंडून काहीतरी आवाज आला म्हणे. फळी सागवानाची, लांब, एकटीला पेलेना. एक टोक हातात, दुसरं जमिनीवर, अशी ती उभी राहिली.

"वैनी," ती मधलीला म्हणाली, "त्या टोकाला धरा की. मला एकटीला हालत न्हाय."

जड वस्तू घेऊन अवघडलेल्या बाईकडे बघत राहणं मधलीच्यानं झालं नसावं. तिनं टोक धरलं. दोघींनी फळी नेऊन मार्बलवर, मधल्याच्या पानांमागं आडवी टाकली. मग दुसरी आणली. तिसरीला थोरली जाऊ आली. पुरुषांनी पानं उचलली, पोरांनी पानांभोवतीची फुलं गोळा केली. फळीला फळी लावून सगळ्या घराण्याखाली एकच लांब पाट तयार झाला, खड्ड्याच्या तिन्ही काठांनी वळत, पुढं दारापर्यंत. आणि मधोमध माझा खड्डा गाद्यांसकट गणपतीसमोर आ वासून पडला.

मधलीनं आमटीचं पातेलं उचललं. उभं राहायला जागा नाही म्हणून ती खड्ड्यात उतरली. उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, की काठावरची पानं बरोबर हातापाशी येतात, कंबर मोडून वाकावं लागत नाही. "हितनं वाडायला बरं पडतंय की," ती कुणालाच उद्देशून म्हणाली नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. भाताचं पातेलंही खाली गेलं.

पण अट राहिलीच होती. थोरला प्रामाणिक माणूस, त्यानंच काढलं, "आक्का, ओळ एक कुठं हाय? कोपऱ्याला मोडली."

धाकटी हातात पळी घेऊन खड्ड्यात उभी होती. ती पळी हलली नाही. आक्कांनी देवापासून दारापर्यंत फळ्यांवरून नजर फिरवली, प्रत्येक कोपऱ्याला थांबवली.

"औत बांधाला वळतंय, म्हणून नांगरट मोडली म्हणतासा व्हय रं?" त्या म्हणाल्या. "वळलीया. मोडल्याली न्हाय. बसा."

सगळे बसले. मलाही फळीवर जागा दिली. मधलीनं मला आमटी जरा जास्तच जोरात वाढली आणि पांढऱ्या मार्बलवर हळदीचा एक डाग पडला. तो अजून आहे. पाहणी करायला जाते तेव्हा मी त्याच्यावर पाय ठेवून उभी राहते.

पाचव्या दिवशी, फळ्यांना ओरखडे किती पडले ते बघायचं निमित्त काढून मी पुन्हा गेले. विसर्जनाहून मंडळी परतत होती. ह्या घराण्यात रिकामा पाट, वर मूठभर ओली माती, ज्या घरी जातो तिथं पुढच्या वर्षी गणपती. पाट होता मधल्या जावेच्या मांडीवर, आणि तिची गाडी सगळ्यात मागं. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात कोरडे असून पदराला पुसत. गाडी गेटाशी मंदावली. मग आत वळली.

मधली पाट घेऊन थेट हॉलमध्ये आली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "एवडी कपाटं केल्यासा बाई, ह्याला जागा कुटं हाय?"

मिक्सरला जागा होती, इस्त्रीला होती, छत्र्यांना तर आत दिवा लागणारी होती. पाटाला नव्हती. तिनं चारी भिंती न्याहाळल्या. फळ्यांच्या खाचेत एका फळीएवढी रिकामी जागा दिसली, कारण ती फळी बाहेर व्हरांड्यात होती आणि तिच्यावर आक्का बसल्या होत्या. मधलीनं पाट तिथं ठेवला, मातीला हात लावून नमस्कार केला आणि चहा मागितला.

ती फळी मग आत मावलीच नाही. अजून व्हरांड्यात दोन विटांवर आडवी आहे, चपला काढायला सगळे तिच्यावरच टेकतात. हॉलमधला खड्डा आता झाकला तर एका फळीएवढा उघडा राहतो. मी नवी खाच करून देते, पैसे नकोत, असं तीनदा म्हटलं. धाकटी म्हणते, राहू दे की मॅडम.