मिठागराचा हौद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतेय.

मी लालबागच्या चाळीत राहते. जन्मभर परळला मासे विकले. माहेर वडाळ्याच्या खाडीकडचं, कोळ्याचं. शिक्षण चौथी. पण जनावरांचा अभ्यास करणाऱ्या मृण्मयीला माझं शिक्षण नको होतं, आठवण हवी होती. खाडीतून संपलेली पाणमांजरं परत आणून सोडायची होती तिला आणि तिच्या माणसांना. कुठे सोडली तर जगतील, ते ही पोरगी गणितानं काढत होती — पाणी कसं, मासे किती, माणसं किती लांब, आणि पूर्वी ती कुठे दिसायची. हे शेवटचं तेवढं आम्हा म्हाताऱ्यांना विचारून.

तिनं कॉम्प्युटर उघडला. खाडीचा नकाशा. जगण्यासारखी जागा हिरवी. सगळ्यात गडद हिरवा डाग जुन्या मिठागराच्या बांधापाशी — मी बघतच राहिले. त्या गणिताला कुणी सांगितलं?

"आजी, इथे होती ना?"

"कधीच नव्हती," मी म्हटलं.

होती. पिल्लांसकट होती. जाळी फाडायची, म्हणून बापानं बांधामागे खोल दगडी हौद केला होता. त्यात मासे टाकायचे. पाणमांजर आत उडी मारायचं, गुळगुळीत भिंतीवरून वर यायचं नाही. मासे टाकायचं काम माझं. ती आत गोल गोल फिरायची, शिट्टी मारल्यासारखी ओरडायची. मग ओरडणं थांबायचं.

बापाची लाज वाटली म्हणून खोटं बोलले? छे. बाप केव्हाच गेला. माझ्या हातचा चहा पिताना ती पोरगी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती — ती नजर मला जाऊ द्यायची नव्हती. एवढंच.

तिनं माझं ऐकलं. डाग पुसला. त्यामुळे तिथे पाहणीला कुणी गेलं नाही. जनावरं पलीकडच्या काठाला सोडली, पोटात, कुठे आहेत ते कळवणारं इवलंसं यंत्र बसवून.

आठवड्यानं ती पुन्हा आली. नकाशावर एक ठिपका दाखवला. एक मादी खाडी ओलांडून मिठागरापाशी गेली होती. ठिपका फिरत होता — एका खोलीएवढ्या जागेत, गोल गोल.

"होडीनं जाऊन आलो, आजी. तिवरांच्या झाडीतून पुढे वाटच नाही. तिथे काही आहे का? विहीर, खड्डा?"

किती सरळ विचारलं होतं. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेव्हा ती मादी जिवंत होती.

"काही नाही तिथे. तुझं यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र कसलं, माझं डोकंच बिघडलंय," ती म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन — अजून फिरतेय. मी फोन ठेवला आणि बांगडे साफ करायला बसले. डोकी, आतडी टोपलीत टाकत होते. हात थांबला नाही. कानात शिट्टी चालू होती, दुपारभर. तुम्हाला वाटेल भास. मला तसं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ठिपका थांबला.

पुढे मृण्मयीनं अहवाल लिहिला आणि मला वाचून दाखवला. गणितात चूक आपलीच होती, असं तिनं लिहिलं होतं. मिठागराची जागा या जनावरांना मानवत नाही, तिथे ती कधी सोडू नयेत.

मी म्हटलं, "बरोबर लिहिलंस."