खडूने लिहिलेलं नाव

घरत सरांच्या खिशात पेनाशेजारी नेहमी खडूचा तुकडा असायचा. तो फळ्यासाठी नव्हता, डमीसाठी होता.

आमच्या मुरबाडच्या कॉलेजात दरवर्षी यंत्रांची स्पर्धा होते. टेबलावर दोन यंत्रं समोरासमोर, मध्ये प्लास्टिकचे चेंडू. समोरच्याच्या बाजूला जास्त चेंडू ढकलेल तो जिंकतो, हरेल तो बाहेर. एखादा विद्यार्थी आलाच नाही, तर त्याच्या जागी सरांनी बनवलेला डमी उतरायचा. प्लायवूडचा खोका आणि गाडीच्या वायपरच्या मोटरी. सर त्यावर खडूने त्या विद्यार्थ्याचं नाव लिहायचे आणि रिमोट स्वतः धरायचे. डमी जिंकला तर तो विद्यार्थी पुढच्या फेरीत जाई. तसं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

डमी फार सावकाश चाले, म्हणून सगळ्यांनाच तो आपल्या वाट्याला यावा असं वाटे. सरावात मीही एकदा भीतभीत म्हटलं होतं, की सर, जरा सैल खेळा ना. सर वर्गात शुद्ध बोलत, पण मनातलं बोलताना गावचं बोलत. म्हणाले, "डमी हरायला नाय ठेवला गो. जो आला नाय, त्याची बाजू धरायला ठेवलाय."

त्या वर्षी माझे बाबा पहिल्यांदाच कॉलेजात येणार होते. मी नक्की काय शिकते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मलाही ते नीट सांगता येत नसे. बाबा पहाटेच भाजीच्या टेम्पोतून पुढे गेले. मी यंत्र मांडीवर घेऊन धसईहून एसटीने निघाले आणि वाटेतच गाडी बंद पडली. सरांना फोन लावला. बाबा येऊन बसले असतील, एवढंच कसंबसं सांगितलं. सर म्हणाले, सावकाश ये, यंत्र आपटू नको.

मिळेल त्या गाडीने पोचले तेव्हा सामना अर्ध्यावर आला होता. डमीवर ठळक अक्षरांत माझं नाव होतं. बाबांना डमी ठाऊक नव्हता. ते अक्षर अक्षर लावून नाव वाचत होते आणि त्या खोक्याकडे बघत टाळ्या वाजवत होते. सरांच्या कपाळावरून घाम गळत होता. समोरच्याचं यंत्र चपळ होतं, पण सरांनी डमी कोपऱ्यात असा आडवा घातला की त्याला चेंडूच मिळेनात. वेळ संपली. डमी एका चेंडूने पुढे होता.

मग पुढच्या फेरीत मी माझं यंत्र लावलं. रस्त्याच्या धक्क्यांनी त्याचं चाक ढिलं झालं होतं. ते जागच्या जागी फिरत राहिलं आणि मी हरले.

बाबा सरांना म्हणाले, "पयलं चांगलं होतं. पोरीनं बदललं कशाला?"

मी ढिलं चाक पुन्हा बसवू लागले.

"दोन्ही तिचीच, दादा," सर म्हणाले. "हे जरा प्रवासानं दमलं." त्या दिवशी त्यांनी डमीवरचं माझं नाव पुसलं नाही.

उन्हाळ्यात सरांचं कंत्राट संपलं. जाताना रिमोट माझ्याकडे देऊन गेले. बाबा अजूनही गावात त्या खोक्याचंच कौतुक सांगतात, आणि मला खरं सांगवत नाही.

या वर्षी एक मुलगा आला नाही. त्याचं नाव लिहिताना माझ्या हातात खडू ओला झाला. रिमोट उचलण्याआधी मी मागे वळून बघितलं, त्याच्या घरचं कोणी येऊन बसलंय का.