बिनपगारी चांदणं

म्युनिसिपालटीचे रस्त्यावरचे कंदील लावणारा हा माणूस आमच्या युनियनच्या सभेत कधी बसला नाही. दाराशी उभा राहून पंच्याच्या टोकाने कंदिलाची काच पुसत राही, स्वच्छ असली तरी. चांदण्या पंधरवड्यात दिवे लावत नाहीत, म्हणून तेवढ्या दिवसांचा याचा पगार कापतात. ही उघड लूट आहे, असं मी पत्रकात छापलं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "बघूया हो." माझं डोकंच फिरलं.

नारळी पुनवेच्या संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि सगळीकडे काळोख झाला. पत्रक द्यायला मी म्युनिसिपालटीच्या प्रेसिडेंटसाहेबांच्या फाटकाशी गेलो, तेव्हा ते याच्यावरच ओरडत होते.

"पाहुणे यायचेत. दिवा लाव!"

याने शिडीवर चढून काच काढली, पुसली, परत बसवली. "साहेब, पंचांगात आज चांदणं आहे. माझा पगार नाही."

"मग अंधाऱ्या पंधरवड्यातही येऊ नकोस!"

"बरं," म्हणत त्याने शिडी खांद्यावर घेतली.

वाटेत मी विचारलं, "काका, भीती नाही वाटली?"

"वाटली तर! नाहीतर स्वच्छ काच कशाला पुसत बसलो असतो?"