टर्बोला थांबणं सोसत नाही
एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात अकरा वर्षं घालवून त्यातला एकही दिवस वाया गेला असं ज्याला वाटत नाही, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच. माझ्या अक्काचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी. प्रश्न असा की, रोजच्या धंद्यातल्या ट्रकला सुपरचार्जर बरा की टर्बोचार्जर? हा प्रश्न त्यांना पडला तेव्हा नव्वदीची सुरुवात होती आणि माझी मुलगी पाळण्यात होती. उत्तर मिळालं तेव्हा ती सायकलवरून हायस्कूलला जात होती.

भावोजी फिजिक्सचे बी.एस्सी. लागलेली बँकेची नोकरी सोडून त्यांनी एक जुना ट्रक घेतला, आणि रोज सकाळी अळणावरहून तांदळाची पोती धारवाडमार्गे हुबळीच्या बाजारात पोचवायचं काम धरलं. आमच्या वडिलांनी, स्वतः वकील असूनही, यावर जावयाशी कधी वाद घातला नाही. भावोजींशी बोलायला बसणं आपल्या हातात असे, उठणं नसे. कुठलीही गोष्ट विचार केल्याशिवाय करायची नाही हा त्यांचा बाणा. घरात फ्रिज घ्यावा की नाही यावर त्यांचा विचार चालू असताना अक्कानं फ्रिज आणला, आणि त्यातलं थंड पाणी पीत पीत त्यांनी तो विचार पुढं चालू ठेवला.

इंजिनाला जास्तीची हवा पाजली की त्याची ताकद वाढते, एवढं मलाही कळतं. ती पाजायच्या दोन तऱ्हा भावोजींनी मला किमान दोनशे वेळा समजावल्या असतील. "सुपरचार्जर म्हणजे घरजावई बघ. हाक मारली की हजर, पण जेवणार इंजिनाच्याच ताटात. पट्टा इंजिनालाच बांधलाय की! टर्बो तसा नव्हे बा. तो बाहेर टाकलेल्या धुरावर जगतो, कुणाकडं काही मागत नाही. पण त्याला जाग यायला वेळ लागतो, आणि गाडी थांबली की हा परत झोपला." एका लग्नात त्यांनी हे भटजींना सांगायला घेतलं आणि मुहूर्त टळायची वेळ आली, तेव्हा अक्कानं त्यांना शर्टाला धरून मागं ओढलं. नात्यागोत्यातल्या माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. अक्का सुपरचार्जर. मी टर्बो, कारण दुसरा चहा पोटात गेल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. हे त्यांचं निदान बरोबर होतं, म्हणूनच मला त्याचा राग येई.

हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका मेस्त्रीकडे दोन्ही वस्तू होत्या. मोडीत निघालेल्या कुठल्याशा परदेशी यंत्राचा सुपरचार्जर, ज्याला मेस्त्री ब्लोअर म्हणे, आणि अपघातातल्या ट्रकचा एक टर्बो. भावोजी दर पंधरा दिवसांनी जाऊन दोन्ही गोणपाटातून काढत, हातानं फिरवून बघत आणि मुलांना झोपवावं तसे पुन्हा गुंडाळून ठेवत. शेवटी मेस्त्रीनं हात जोडले. "सार, टर्बो घ्या, नाहीतर ब्लोअर घ्या, नाहीतर माझं स्टूल तरी मोकळं करा की!"

हे असंच जन्मभर चाललं असतं. पण कारखान्यातूनच टर्बो लावून आलेले नवे ट्रक रस्त्यावर दिसू लागले, आणि हुबळीच्या अडत्यानं भावोजींना बजावलं की दसऱ्यापासून माल सकाळी नऊच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर हा तांदूळ नव्या गाड्यांना जाईल. तांदूळ गेला की घराचा कणाच गेला. भावोजी नऊला कधीच पोचत नसत. दहा, साडेदहा, कधी अकरा. ते धारवाडला, सप्तापुरात माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तू गणिताचा प्राध्यापक. एक दिवस घड्याळ घेऊन माझ्याबरोबर बस. गाडी कुठं कमी पडते ते लिहून काढ."

मी बसलो. गाडी कुठंच कमी पडत नव्हती. शाळेची दोन पोरं हात करून उभी, घे त्यांना. एका म्हाताऱ्याला दवाखान्यात जायचंय, घे. एकीचा डबा धारवाडात शिकणाऱ्या लेकाला द्यायचाय. एकाला कुठंच जायचं नव्हतं, त्यानं नुसतं लेकीचं लग्न ठरल्याचं सांगायला गाडी थांबवली होती. हुबळीत उतरून मी बेरीज केली. थांबे सत्तावीस. गाडी चालली पावणेदोन तास, उभी राहिली दोन तास. सत्तावीसपैकी एक थांबा आमच्या घरचा, चहाचा, वीस मिनिटांचा. तो मी आधी लिहिलाच नव्हता.

"भावोजी, तुम्हाला सुपरचार्जरही नको आणि टर्बोही नको," मी म्हणालो. "थांबू नका, की झालं."

त्यांनी कागदाची घडी करून ती खिशात घातली. "तर मग टर्बोच," ते म्हणाले. मला काही उलगडेना. "अरे, हात केलेल्या माणसाला नाही म्हणायला मला तोंड नाही. टर्बोला थांबणं सोसत नाही. आता नाही म्हणेल तो टर्बो."

अकरा वर्षांच्या शास्त्रीय विचाराचं हे असं फळ निघालं. टर्बो बसला. भावोजी खिडकीतून हात जोडून ओरडत, "टर्बो हाक्सेनि, निल्लाक बरंगिल्ला!" टर्बो बसवलाय, थांबता येत नाही! लोकांना ते यंत्राचं दुखणं वाटलं, त्यांनी समजून घेतलं. तांदूळ साडेआठला पोचू लागला. आमच्या घरावरून जाताना ते नुसता हॉर्न वाजवत. बायको सवयीनं चहाचं आधण ठेवी आणि मग तो चहा मी पिई. गणित बरोबर आलं याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

आठ महिन्यांनी, एका रविवारी, भावोजी बसनं आमच्याकडे आले. पुढं ठेवलेला चहा त्यांनी बशीत ओतला. मग म्हणाले, "आता कुणी हात करत नाही रे." बशी खाली ठेवून पुन्हा म्हणाले, "मी येताना दिसलो की लोक दुसरीकडं बघतात. मला लाज वाटू नये म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांदळाचं काम सोडलं. या निर्णयाला त्यांना एकच रात्र पुरली. अक्का दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं शिकवण्या सुरू केल्या. भावोजी विटा, भुसा, शेणखत अशी ज्यांना नऊ वाजत नाहीत ती ओझी नेऊ लागले. टर्बो जागेवरच राहिला, झोपून. पण तोवर त्या रस्त्यावर टेम्पो सुरू झाले होते. शाळेची पोरं टेम्पोनं जात, डबे टेम्पोनं येत.

या नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. माझ्या बेरजेचं मला जरा ओझं झालं होतं. प्रत्येक फाट्यावर ते गाडी हळू करत, बाहेर बघत आणि पुन्हा गिअर बदलत. असे बारा-तेरा फाटे गेले. मग एका आंब्याच्या झाडाखाली बुट्टी घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीनं हात वर केला. भावोजींनी ब्रेक असा दाबला की माझं कपाळ काचेवर आपटलं. म्हातारी सावकाश वर चढली, बुट्टी माझ्या मांडीवर दिली आणि भावोजींकडे बघून कन्नडमध्ये खेकसली, "याकपा, इष्ट तडा?" का रे बाबा, इतका उशीर?

"तप्पायतव्वा," भावोजी म्हणाले. चुकलं, आई. मग धारवाड येईपर्यंत त्या आठ महिन्यांत कुणाचं लग्न झालं, कुणाला नातू झाला, कोण वारलं हे ती एकेक करून सांगत राहिली. आणि ज्यांनी आयुष्यात कुणाला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं ते आमचे भावोजी गाडी अगदी हळू चालवत नुसतं ऐकत होते.