सोवनींचा फळा

रंगनाथ सोवनींनी सदतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. पत्र आलं की नोंद, पत्र गेलं की नोंद. त्यामुळे निवृत्त होईपर्यंत त्यांचा पक्का समज झाला होता की जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, आणि जे लिहिलंय ते घडल्याशिवाय कोण कशाला लिहील? लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला होता, तेव्हापासून काखेत कुबडी होती. जिभेला मात्र कसलंही अपंगत्व नव्हतं.

कोथरूडला त्यांच्या सोसायटीजवळ ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र आहे. तिथे कॅरम, वर्तमानपत्रं आणि एकमेकांच्या बायपासच्या हकीकती एवढाच विरंगुळा असे. सोवनींनी केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा लावून घेतला आणि रोज सकाळी आठ वाजता त्यावर बातम्या लिहायला सुरुवात केली. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना घराबाहेर पडायचं तर जे ठाऊक हवं, ते सगळं त्यावर असे. कुठल्या गल्लीत फूटपाथ खणलाय, कुठल्या दवाखान्याची लिफ्ट बंद आहे, कुठली बस थांब्याला खेटून उभी राहते आणि कुठली रस्त्याच्या मधोमध.

माहिती खरोखरच उपयोगाची होती. पण सोवनींना नुसती माहिती लिहिता येत नसे. ‘नऊ चाळीसच्या बसची पायरी जमिनीपासून दोन फूट उंच. गिर्यारोहणाचा अनुभव असणाऱ्यांनीच चढावे.’ ‘दवाखान्याची लिफ्ट आजही बंद. जे रुग्ण तीन मजले चढू शकतील, त्यांना दवाखान्याची गरज नाही, असे व्यवस्थापनाचे मत दिसते.’ असं लिहून झालं की दोन पावलं मागे सरकून, कुबडीवर रेलून, ते स्वतःच वाचत आणि खूश होत.

फळा बघता बघता प्रसिद्ध झाला. ज्यांचे दोन्ही पाय धडधाकट, अशी माणसं स्कूटर थांबवून वाचू लागली. ज्यांना वाचायची गरज होती, त्यांना या गर्दीमुळे फळ्यापर्यंत पोचता येईना. सोवनींना ती गर्दी मनापासून आवडायची. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या पायाकडे बघितलं होतं. आता पहिल्यांदा अक्षराकडे बघत होते.

हे दोन हजार सहा-सातचे दिवस. घराघरातली तरुण मंडळी सकाळी साडेसातला हिंजवडीच्या बसमध्ये बसून जायची ती रात्री जेवायलाच उगवायची. दिवसभर कोथरूड म्हाताऱ्यांच्या ताब्यात. इंदुबाईंचंही तसंच. मुलगा-सून दोघंही कंपनीत, आणि शहात्तर वर्षांच्या इंदुबाई शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या. त्या सप्टेंबरात बाथरूममध्ये घसरून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन नीट झालं, पण गुडघा वाकेना. नळस्टॉपजवळच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, “आजी, हे दोन-तीन महिनेच कामाचे. आठवड्यातून तीनदा यायचं. आत्ता वाकवला तर वाकेल, नंतर मी काही करू शकणार नाही.”

इंदुबाईंना गुडघा वाकवायचाच होता. त्यांची नात नम्रता कसबा पेठेत माहेरी बाळंत झाली होती. पहिली पणती. बारसं जानेवारीत ठरलं होतं, आणि त्यांच्या लेकीचं ते घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पणतीचं नाव तिच्या कानात आपण सांगायचं, असा इंदुबाईंचा हट्ट होता. त्यासाठी त्या व्यायामाला न्यायला येणाऱ्या रिक्षाची सोमवार-बुधवार-शुक्रवार दहा वाजल्यापासून तयार होऊन वाट बघत.

रिक्षा नियाज शेखची. इतर रिक्षावाल्यांना लांबून वॉकर दिसला की त्यांची गाडी नेमकी तेव्हाच गॅस भरायला निघायची. नियाज आत येऊन बेल वाजवायचा, हात द्यायचा, रिक्षाशेजारी एक पाट ठेवून त्यावरून इंदुबाईंना चढवायचा, आणि व्यायाम संपेपर्यंत बाहेर थांबायचा. हे सगळं तो कुणाला सांगत नसे. म्हणजे सोवनींच्या हिशोबी हे घडतच नव्हतं.

नोव्हेंबरात एका बुधवारी केंद्रातले तात्याराव लेखी तक्रार घेऊन आले. कागदावर तारीख, वेळ, रिक्षाचा क्रमांक, खाली सही. ‘रिक्षाचालक नियाज शेख याने ज्येष्ठ नागरिकास नेण्यास नकार दिला.’ यातला ज्येष्ठ नागरिक म्हणजे स्वतः तात्याराव. वय वर्षं सहासष्ट, रोज पहाटे टेकडी चढून उतरणारे, आणि त्या दिवशी त्यांना कर्वे पुतळ्यापर्यंत, म्हणजे चालत सात मिनिटं, जायचं होतं. नियाज त्यांना “काका, एक पेशंट घ्यायचाय, टाइम झालाय,” असं म्हणाला होता. हे तात्यारावांनी कागदावर लिहिलं नाही, आणि सोवनींनी विचारलं नाही. कागद आवक झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जावक झाला:

‘ज्येष्ठांना नकार! रिक्षाचालक नियाज शेख यांच्या रिक्षात फक्त पंचविशीच्या आतल्या प्रवाशांसाठीच पेट्रोल भरलेले असते. वृद्धांनी हात दाखवून स्वतःचा हात दुखवून घेऊ नये.’

फळ्यासमोर त्या दिवशी विक्रमी गर्दी झाली. गर्दीत राजनंदिनी होती. ती एका आयटी कंपनीत होती आणि कंपनीनं तिला समाजसेवेसाठी वर्षातून दोन दिवस दिले होते. त्यातला एक झाडं लावण्यात गेला होता.

“अंकल, हे अमेझिंग आहे! आपण याची वेबसाइट करूया. सीनियर सिटिझन्ससाठी ट्रान्सपोर्टची सगळी इन्फर्मेशन एका क्लिकवर.”

“ज्यांच्यासाठी करताय, त्यांना क्लिक म्हणजे कॅमेऱ्याचा आवाज वाटतो,” सोवनी म्हणाले. पण मनातून हुरळले. वेबसाइट झाली, इंग्रजीत झाली. त्या दिवशी फळ्यावर जे होतं ते तिच्यावर चढलं आणि कंपनीचा समाजसेवेचा दिवस संपला. पुढे फळा रोज पुसला जात होता, वेबसाइट तशीच राहिली. आसपासच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी ते पान छापून वॉचमनच्या केबिनीत चिकटवलं, आणि नियाजची रिक्षा प्रत्येक फाटकावर अडू लागली. “ज्येष्ठांना त्रास देणारी गाडी आत सोडायची नाही.” दोन आठवडे त्यानं वाद घातला. मग मार्केट यार्डात एका अडत्याचा टेम्पो चालवायला लागला.

इंदुबाई व्यायामाला जात नाहीत असं कानावर आलं, तेव्हा सोवनी त्यांच्या घरी गेले. इंदुबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या.

“काय हो, व्यायाम सोडलात वाटतं? कंटाळा आला असेल.”

“रिक्षा बंद झाली.”

“कुणी केली?”

“तुम्ही,” इंदुबाई म्हणाल्या. मग त्यांनी नियाजची सगळी गोष्ट सांगितली, आवाज न चढवता. “फळ्यावर काय लिहिलंय ते वॉचमनकडून कळलं तेव्हा वाटलं, येऊन सांगावं. पण येणार कशी? रिक्षा नव्हती.”

सोवनी घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. लाज वाटत होती, खरी लाज. पण लाज वाटली तरी माणूस आपल्याच रीतीनं निस्तरायला जातो. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत, लिहिलं:

‘चूक दुरुस्ती. रिक्षाचालक श्री. नियाज शेख हे अत्यंत सज्जन गृहस्थ असून वृद्धांची मनापासून सेवा करतात. त्यांच्याविषयी येथे लिहिलेला मजकूर चुकीचा होता. आम्ही दिलगीर आहोत.’

पहिल्याच स्कूटरवाल्यानं वाचलं आणि टाळी दिली. “अत्यंत सज्जन! वा, सोवनी! कापलात हो त्याला!”

“अहो, तो खरंच सज्जन आहे.”

“क्या बात है! चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही तुमच्या!”

तात्यारावांनी येऊन पाठ थोपटली. “‘दिलगीर आहोत’ हे तर लाजवाब. पुन्हा वाट्याला जाणार नाही तो म्हाताऱ्यांच्या.” सोवनींनी राजनंदिनीला फोन केला. तिनं मजकूर वेबसाइटवर टाकला आणि शेवटी डोळा मारणारं हसरं तोंड जोडून दिलं, कारण नाहीतर लोकांना विनोद कळत नाही. तिसऱ्या दिवशी सोवनींनी फळ्यावर खाली ओळ वाढवली: ‘हा टोमणा नाही.’ त्या ओळीनं तर कहर केला. लोक मित्रांना बोलावून दाखवू लागले. फळा लावल्यापासून ज्यानं एक वाक्य सरळ लिहिलं नाही, त्याच्या सरळ वाक्यावर पुण्यात कोण विश्वास ठेवणार?

सोवनी स्वारगेटला बस बदलून मार्केट यार्डात गेले. बसची पायरी दोन फूट उंचच होती, आणि कंडक्टरनं त्यांना हाताला धरून वर घेतलं. हमाल पाठीवर पोती घेऊन “बाजू, बाजू” करत धावत होते आणि बाजूला होणं हेच सोवनींना सगळ्यात अवघड. विचारत विचारत गेल्यावर कांद्याच्या गाळ्यांपाशी नियाज टेम्पोत बसलेला सापडला.

“नियाजभाई, मी सोवनी. फळ्यावर मी लिहिलं होतं.”

नियाजनं त्यांना आधी पोत्यावर बसवलं. मग म्हणाला, “इथे बरं आहे काका. कांदे तक्रार करत नाहीत.”

सोवनींनी खिशातून कागद काढला. माफी लिहून आणली होती, खाली सही होती. नियाजनं कागद हातात घेतला नाही.

“कागद नको. कागदानंच तर घोळ केला. दुरुस्तीपण वाचली मी, आमच्या स्टँडवर सगळे हसत होते. मला सांगा, आजींचा पाय कसा आहे?”

“वाकत नाही.”

नियाजनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. “सकाळचे दोन तास मी काढीन. पण तुम्ही माझ्याबरोबर रिक्षात बसायचं. प्रत्येक फाटकावर उतरायचं आणि वॉचमनला तोंडानं सांगायचं, की चूक तुमची होती. जोक करायचा नाही.”

तसंच झालं. सोमवारी इंदुबाईंच्या फाटकावर वॉचमननं हात आडवा केला. सोवनी कुबडी टेकत उतरले. दोन-चार माणसं जमलीच.

“हा माणूस चांगला आहे. मी खोटं लिहिलं होतं,” सोवनी म्हणाले. कुणीतरी हसायला लागलं. सोवनींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बघून हसणारा थांबला. वॉचमननं फाटक उघडलं आणि केबिनीतला कागद फाडून टाकला.

फिजिओथेरपीच्या बाईंनी इंदुबाईंचा गुडघा हातात घेऊन दाबून बघितला. “पाच आठवडे कुठे होतात आजी?”

इंदुबाईंनी दाराकडे बघितलं. दाराशी उभे असलेले सोवनी म्हणाले, “माझ्यामुळे आल्या नाहीत.” बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा गुडघ्याकडे बघितलं. त्यांनी प्रयत्न करीन म्हणून सांगितलं आणि केलाही. महिनाभरात इंदुबाई वॉकर सोडून काठीवर आल्या, सपाट जमिनीवर चांगल्या चालू लागल्या. जिना मात्र जमेना. पायरीवर पाय ठेवला की गुडघा मधेच अडायचा.

बारशाच्या दिवशी नियाजनं रिक्षा कसब्यातल्या त्या इमारतीच्या अगदी दाराशी लावली. इंदुबाई चॉकलेटी रंगाची पैठणी नेसल्या होत्या. पहिल्या पायरीपर्यंत गेल्या, कठड्याला धरून दोनदा जोर केला, आणि परत येऊन रिक्षात बसल्या. जावई धावत खाली आले. खुर्चीत बसवून वर नेतो म्हणाले. जिना एवढा अरुंद की वळणावर खुर्ची तिरपीच करावी लागली असती.

“मी काय कपाट आहे का?” इंदुबाई म्हणाल्या. “जा तुम्ही, मुहूर्त टळेल. नम्रतालाच नाव सांगू दे. झालं की बाळ आणा खाली.”

वरून पाळण्याचं गाणं ऐकू आलं, मग टाळ्या. थोड्या वेळानं जावई पुन्हा खाली आले, ओशाळलेले. गर्दीनं रडून रडून बाळ आत्ताच झोपलं होतं, आणि उठवू नका म्हणून सगळ्याच बायका ओरडत होत्या. “झोपू दे,” इंदुबाई म्हणाल्या. “उठली की बघीन. मला कुठे जायचंय?”

मग सोवनी रिक्षातून उतरले. “मी बघून येतो आणि सांगतो,” म्हणाले. नियाज हात द्यायला आला तर त्याला थांबवलं. ते जिन्याला लागले. एक पायरी कुबडी, एक पायरी उजवा पाय, मग डावा हातानं उचलून. प्रत्येक मजल्यावर थांबत होते. वर जायला पाऊण तास लागला आणि खाली यायला त्याहून जास्त. परत आले तेव्हा शर्ट घामानं चिंब होता आणि बोलायला दम नव्हता.

“नाव मैत्रेयी ठेवलंय,” धाप लागलेली असतानाच ते सांगू लागले. “पाळण्याला झेंडूच्या माळा आहेत. बाळाच्या मुठी घट्ट मिटलेल्या. जावळ भरपूर, काळंभोर. डाव्या गालाला तीट लावलीय. कपाळ तुमच्यासारखं आहे, मोठं.”

एकही टोमणा नव्हता. सोवनींच्या तोंडून एवढी साधी बातमी कोथरूडमध्ये कुणी कधी ऐकली नव्हती. इंदुबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या कुबडीकडे, त्यांच्या लुळ्या पायाकडे, आणि वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघितलं.

“तुम्ही चढलात ना, रंगनाथराव,” त्या म्हणाल्या, “मग पाच आठवडे मिळाले असते तर मीही चढले असते.”