रोमच्या म्युझियममध्ये दोन विहिणी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघरात एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या असतात ना, तसे ते साठत जातात, आणि एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात. युरोपची टूर करून आम्ही भांडुपला परतलो तेव्हा बॅगेत चॉकलेटं होती, फ्रीजवर लावायचे मॅग्नेट होते, आमच्या ह्यांनी हट्टाने घेतलेली टोपी होती. चॉकलेटं दोन दिवसांत संपली. पण अजूनही संध्याकाळी बिल्डिंगखाली बाकावर बसले की बायका बर्फाचे डोंगर नि बोटीतली सफर सोडून एवढंच म्हणतात, "ते रोमच्या म्युझियमचं सांगा ना!"

म्युझियम म्हणजे चर्चमधल्या जुन्या चित्रांचं आणि मूर्तींचं. इतकं अवाढव्य की आपलं भांडुप स्टेशन आत ठेवलं तर शोधायला माणूस लावावा लागेल. आणि आम्ही तिथे गेलो होतो दोन विहिणींना घेऊन, ज्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आधी विहिणींचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या शेजारच्या सावंतवहिनी मूळच्या मालवणकडच्या. सावंतभाऊ गिरणीत होते. ते गेल्यापासून वहिनी आणि निलेश, दोघंच. निलेशने त्याच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या शेरिलशी लग्न केलं. शेरिल खाडीपलीकडच्या मनोरीची, ख्रिस्ती घरातली, तिची आई फिलोमिनाबाई. लग्न दोन्ही पद्धतींनी झकास झालं, दोन्ही आया एकत्र नाचल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. देव वेगवेगळे असून काही अडलं नाही.

अडलं ते शेरिलला दिवस गेल्यावर. फिलोमिनाबाई म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मनोरीला. सावंतवहिनी म्हणाल्या, भांडुपला. मार्व्याची फेरीबोट चुकली तर काय, हे त्यांचं म्हणणं. फिलोमिनाबाई म्हणाल्या, मी स्वतः मनोरीतच जन्मले, मला कुठे काय झालं? त्यावर वहिनी असं काही बोलल्या की बोलणंच थांबलं.

मला मात्र वहिनींनी भाजी निवडताना खरं सांगितलं होतं. बोट चुकण्याची भीती नव्हतीच. "पोर थयच जन्मला, थयच वाढला, तर माका वळाखतला कोण? मी आपली आयतवारी बोटीतसून येणारी पावणी." हे सांगून त्यांनी मेथीची चांगली पानंही देठांबरोबर टाकून दिली.

मुलांनी उपाय काढला. दोघींना वाढदिवसाची भेट म्हणून एकच टूर, एकच खोली. आम्ही नवराबायको त्याच टूरला जाणार होतो, म्हणून निलेश माझ्या हातापाया पडला. "काकू, तुम्ही फक्त सोबत राहा." सोबत राहा म्हणजे काय, ते मला विमानातच कळलं. दोघींच्या मधली सीट माझी होती.

*

पहिले काही दिवस माझा टेलिफोन झाला. खोलीत त्या दोघी, आणि मी समोरच्या खोलीत. सकाळी फिलोमिनाबाई दार वाजवायच्या. "तुझ्या मैत्रिणीला सांग, गरम पाणी डावीकडच्या नळाला येतं." मी जाऊन सांगायचे. वहिनी म्हणायच्या, सांग तिला, कळलं. मी परत यायचे. तोवर आमच्या ह्यांचा चहा गार.

एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, दोन पलंगांत एक हाताचं अंतर आहे. फिलोमिनाबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर तुला बोलावते. एवढ्या जवळून बोललं तर भांडण होईल."

*

म्युझियमच्या दारात बॅगा मशीनमधून जात होत्या. वहिनींची पर्स गेली आणि मशीन थांबलं. एक गार्ड स्क्रीनकडे बघत राहिला. त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. पडद्यावर एक गोल, टणक, शेंडीवाली वस्तू दिसत होती.

नारळ! भांडुपहून आणलेला, कपड्यांत गुंडाळून. टूर मॅनेजर मंदारने कपाळावर हात मारला. मी विचारलं, वहिनी, हे काय? त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या देवाकडे रिकाम्या हातान कसा जावचा?"

आमच्या ह्यांनी गार्डला इंग्रजीत समजावलं की हे फळ आहे. गार्डने नारळ हातात घेऊन हलवला. आत पाणी वाजलं. तो दोन पावलं मागे सरला. शेवटी नारळ लॉकरमध्ये गेला, त्याची वेगळी पावती मिळाली, आणि वहिनींचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा फिलोमिनाबाई माझ्या कानाशी आल्या. "तिला सांग, आमच्या लग्नातपण नारळ लागतो. पण इथे फोडायला कोण देणार नाय."

मी सांगितलं. वहिनींचा चेहरा जरा निवळला.

*

आता आमचे हे. ह्यांनी कानाला लावायचं माहिती देणारं यंत्र भाड्याने घेतलं, आणि घेतलं म्हणजे सगळ्यांसाठी घेतलं. चित्रासमोर उभं राहायचं, यंत्रात नंबर दाबायचा, ऐकायचं आणि मग ग्रुपला मराठीत सांगायचं. "उजवीकडे पाहा, पांढरा घोडा. घोड्याच्या डोळ्यांतली भीती चित्रकाराने काय पकडली आहे!"

चित्रात तीन देवदूत आणि एक ढग होता.

वहिनींनी विचारलं, "भावजी, घोडो खंय आसा?" हे म्हणाले, तो मागे आहे, धूसर, नीट बघावं लागतं. मग सगळ्यांनी नीट बघितलं. आणि काय सांगू, हळूहळू सगळ्यांना दिसायला लागला! एकाला आयाळ दिसली, एकीला शेपूट. मलाही खूर दिसल्यासारखा वाटला. फक्त फिलोमिनाबाई म्हणाल्या, मला ढग दिसतो.

पुढच्या दालनात भिंतभर पांढरा घोडा होता, उभ्या माणसाएवढा. हे त्याच्यासमोर क्षणभर थांबले, यंत्र कानावरून काढलं आणि म्हणाले, "बॅटरी संपली."

*

सावंतवहिनींना सवय आहे, देव दिसला की हात जोडायचे. इथे तर पावलोपावली देव. त्यामुळे हात जोडलेलेच, मध्ये सोडायला सवड नाही. एका मोठ्या चित्रात आई आणि बाळ होतं, आणि खाली कोपऱ्यात काळ्या कपड्यांतला एक जाडा गृहस्थ गुडघे टेकून बसला होता. वहिनींनी सगळ्यांना नमस्कार केला, त्याला जरा जास्तच, कारण तो समोरच होता. मग मंदारला विचारलं की हे संत कोण.

मंदार म्हणाला, हे संत नाहीत, व्यापारी. यांनी चित्र काढून घेतलं, म्हणून स्वतःलाही त्यात बसवून घेतलं. आपल्याकडे मंडळाच्या बॅनरवर नगरसेवकाचा फोटो असतो ना, तसं.

वहिनी गंभीर झाल्या. "मेल्या, आधी सांगूक नको? आता केलेलो नमस्कार परत कसो घेवचो?"

*

बुटांचा किस्सा भांडुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगते.

एका दालनाच्या टोकाला मोठी वेदी होती, मेणबत्त्यांसारखे दिवे, मंद उजेड. वहिनी उंबऱ्याशी थबकल्या. म्हणाल्या, हा तर गाभारा. आणि त्यांनी बूट काढले. नवेकोरे स्पोर्ट्‌स शूज, टूरसाठी निलेशने घेतलेले. त्यांनी काढले म्हणून मी काढले. मी काढले म्हणून ह्यांनी, आणि मग आमच्या अख्ख्या ग्रुपने. भिंतीला लावून ओळीने ठेवले, जसे आपण देवळाबाहेर ठेवतो. मागून एक कोरियन जोडपं येत होतं. त्यांनी ती रांग पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि निमूटपणे आपले बूट शेजारी ठेवले.

फिलोमिनाबाई तेवढ्या बुटांत. मला म्हणाल्या, आमच्यात काढत नाहीत, तिला सांग. पण तोवर वहिनी आत पोचल्या होत्या.

आम्ही दर्शन घेतलं, समाधानाने वळलो, तर दारात गार्ड हात आडवा करून उभा. म्युझियममध्ये जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. मागे जायची परवानगी नाही. सगळे फक्त पुढे!

वाट लागली. बूट मागे, आम्ही पुढे. संगमरवराच्या फरशीवरून आमचा ग्रुप मोज्यांत चालला होता. मंदार गार्डला समजावत होता की हा आमचा धर्म आहे, आणि गार्ड समजावत होता की हा त्यांचा नियम आहे. शेवटी एक भला माणूस मागे गेला आणि काळी पिशवी भरून सगळे बूट घेऊन आला. कॉरिडॉरमध्ये बसून आम्ही आपापले ओळखून घातले. एक जोड पुरुषाचा आणि एक बाईचा उरला. कोरियन जोडपं तोपर्यंत कुठल्या कुठे गेलं होतं. बिचारे अजून मोज्यांतच फिरत असतील.

पण पिशवीत वहिनींचे बूट नव्हते. त्या रडवेल्या झाल्या. मुलाने घेतलेले, त्यातही नवे. तेवढ्यात फिलोमिनाबाईंनी आपली शबनम पिशवी उघडली आणि कागदी रुमालात गुंडाळलेले बूट माझ्या हातात दिले. दालनात शिरतानाच त्यांनी ते उचलून घेतले होते. म्हणाल्या, "दे तिला. नवे बूट असे दारात टाकतात का?"

मी दिले. वहिनींनी नाड्या बांधायला खूप वेळ लावला.

*

पुढे ते जगप्रसिद्ध छत आलं. संपूर्ण छतभर चित्रं, बोलायला मनाई, खाली झोपायला मनाई, आणि शेकडो माणसं माना वर करून उभी. आमच्या ह्यांची मान वर गेली ती तिथेच राहिली. फिलोमिनाबाईंना मानेचा त्रास आहे, त्यांना वर बघताच येईना. त्या जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्या चित्रांबद्दल चर्चमध्ये ऐकलं, ती डोक्यावर आणि ही बाई फरशी बघतेय. मला फार वाईट वाटलं.

सावंतवहिनींनी पर्समधून टिकली लावायचा आरसा काढला आणि हातात आडवा धरला. आख्खं छत आरशात! मग तो माझ्या हातात ठेवला आणि डोळ्यांनीच तिकडे दे म्हणून खुणावलं.

फिलोमिनाबाई त्या एवढ्याशा आरशात कितीतरी वेळ बघत होत्या. त्यांच्यामागे परदेशी म्हाताऱ्यांची रांग लागली, प्रत्येकीला तो आरसा हवा. शेवटी आरसा माझ्याकडे परत आला, निरोपासकट. "सांग तिला, सगळं दिसलं. आणि तिची टिकली भुवईवर आलीय, तेपण सांग."

*

शेवटच्या दालनात आम्ही सगळे थकून बाकांवर बसलो होतो. समोर एक फार मोठं नाही असं चित्र. मारिया बसलेली, मांडीवर येशू बाळ, आणि मागे एक म्हातारी बाई, हात मारियेच्या खांद्यावर, नजर बाळावर. चित्राची एक बाजू अगदी मोकळी, नुसता काळोखा रंग.

वहिनी उठून दोरीपर्यंत गेल्या. फिलोमिनाबाई आधीच तिथे होत्या. दोघींमध्ये दोन हातांचं अंतर. मी सवयीने मध्ये जाऊन उभी राहिले.

वहिनींनी चित्रावरची नजर न काढता विचारलं, "ती पाठची बाई कोण गो?"

मी फिलोमिनाबाईंकडे वळले, निरोप द्यायला तोंड उघडलं. पण त्यांनी परस्पर उत्तर दिलं. "सांत आना. बाळाची आजी. मारियेची आय."

म्हणजे आईची आई. वहिनींनी मान हलवली. म्हातारीचा खांद्यावरचा हात बघितला, बाळाकडे लागलेले डोळे बघितले. मी हळूच मागे सरले. मग वहिनींनी विचारलं, आणि त्यांचा आवाज भाजी निवडताना होता तसाच होता.

"आणि बापाशीची आवस? ती खंय आसा?"

फिलोमिनाबाईंनी चित्र पुन्हा नीट पाहिलं, जणू आजवर कधी पाहिलंच नव्हतं. बापाची आई कुठेच नव्हती.

"तिला कोनी काढलीच नाय," त्या म्हणाल्या.

वहिनी हो म्हणाल्या, एवढंच, आणि पदर सारखा करून जायला वळल्या. फिलोमिनाबाईंनी त्यांचा दंड धरला. धरला तो सोडला नाही. दोरी थोडी खाली दाबली, वहिनींना पलीकडे चित्राच्या मोकळ्या बाजूला नेऊन उभं केलं, खांदे धरून किंचित बाळाकडे वळवलं आणि स्वतः दोन पावलं मागे येऊन बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

गार्ड धावत आला. दोरीच्या आत कोणी उभं राहायचं नाही, असं तो हातवारे करून सांगू लागला. फिलोमिनाबाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"वन मिनिट," त्या म्हणाल्या. "ग्रँडमदर."

गार्डने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा सावंतवहिनींकडे, आणि तो बाजूला होऊन उभा राहिला.