निशातगंजच्या बाकावरचा अर्धा तास

लखनऊत काय पाहावं, असं मला कुणी विचारलं की मी गडबडते. नव्वदच्या दशकात मी तिथे आठ दिवस राहिले आणि इमामबाडासुद्धा पाहिला नाही. जायचं ठरलं ते एका फोनमुळे. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतून भाऊजी बोलत होते. सुमनताईच्या छातीत गाठ निघाली होती, तुकडा तपासायला दिला होता, रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. "तू ये," एवढंच ते शेवटी म्हणाले. सुमनताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं.

इकडे नगरला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी लगेच गुरुवारची साखळी प्रार्थना ठरवली. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकीनं अर्धा तास धरायचा, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. मला दोन ते अडीचची वेळ दिली. "जिथे असशील तिथे बस," पाळकसाहेबांच्या बाई म्हणाल्या. मी मान हलवली. प्रार्थनेला मी कधी मागे नव्हते, चांगली दहा-दहा मिनिटं करायचे.

नगरहून एसटीनं मनमाड, तिथून लखनऊची गाडी. जानेवारीत जाणार असाल तर दोन पांघरुणं जास्त घ्या आणि पोहोचायची वेळ कुणाला सांगू नका. कानपूरच्या अलीकडे धुक्यात गाडी जी थांबली ती सात तास. समोरचे बाबूजी शांतपणे मटार सोलत होते. मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसले होते, जणू माझ्या बघण्यानं सिग्नल पडणार होता.

चारबागला उतरून टेंपोनं मानक नगर. दार पिंकीनं उघडलं. भाची दहावीत, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"मौसी, मम्मी ठीक हो जाएगी ना?"

"होईल गं," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझी मलाच लाज वाटली.

सुमनताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. "एवढ्या लांब कशाला आलीस?" म्हणाली, आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.

गुरुवारी रिपोर्ट आणायला भाऊजींना धीर होईना, म्हणून मी निघाले. सोबत शेजारच्या मेश्रामवहिनी. त्या मूळच्या नागपूरच्या, बौद्ध, त्यांचे यजमान भाऊजींच्याच ऑफिसात. चारबागला टेंपो बदलून निशातगंजला उतरायचं, बाजारातून सरळ आत. लॅबच्या कोपऱ्यावर गरम खस्ता कचोरी आणि बटाट्याची भाजी मिळत होती. वास चांगला होता. खाऊन बघा, मी खाल्ली नाही.

दोनला पाच कमी असताना पोहोचलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "डॉक्टर साहब ने साइन नहीं किया। ढाई बजे आइए।"

बाहेरच्या बाकावर बसलो. दोन वाजले. मी डोळे मिटले आणि काहीच येईना. प्रभू, म्हटलं आणि पुढे नुसता राग. हिलाच का? आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गुडघे टेकणारी ही बाई, हिलाच का? मी डोळे उघडले.

"तुमचा टाइम झाला न?" वहिनींनी विचारलं. त्यांना साखळीचं ठाऊक होतं.

"होत नाहीये माझ्यानं."

त्या माझ्याजवळ सरकल्या. "मंग मी बसते तुमच्या जागेवर. आमच्यात देवाले मागणं नसते जी. पण सुमनताईचं भलं व्हावं, इतकं तर मनात धरता येते."

त्यांनी शाल सारखी केली, डोळे मिटले आणि पुरता अर्धा तास हलल्या नाहीत. समोर भाजीवाला ओरडत होता, रिक्षा कोंडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. रडू आलं ते तिथेच.

रिपोर्ट वाईट होता. कॅन्सरच.

घरी सुमनताईनं कागद वाचला, घडी करून बायबलखाली ठेवला. आम्ही सगळे बसलो, वहिनीसुद्धा. मला वाटलं, ती चमत्कार मागेल. ती म्हणाली, "प्रभू, मला भीती वाटते. आत्ता एवढंच सांगायचंय. आमेन." पिंकी आईच्या कुशीत शिरली आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा अख्खं मराठी वाक्य निघालं, "मलापण वाटते."

नगरला परतले तर रविवारी मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे प्रार्थनेचं काय झालं ते सांगायला, उभं केलं. बायकांचे चेहरे आशेनं वर झाले होते. मी खरं ते सांगितलं: रिपोर्ट वाईट आला, आणि माझ्या अर्ध्या तासात मी प्रार्थना केली नाही, एका बौद्ध बाईनं माझी जागा धरली. कुणीतरी घसा साफ केला. पाळकसाहेबांच्या बाई उठल्या. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली.

"त्यांचं नाव काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या दिवशी मंडळीनं सुमनताईच्या आधी मेश्रामवहिनींसाठी प्रार्थना केली.

ऑपरेशन झालं, औषधं झाली. सुमनताई त्यानंतर चार वर्षं जगली. प्रभूनं ऐकलं, असं मंडळीत म्हणतात. मी त्याला अजून रोज विचारते, चारच का? उत्तर मिळालेलं नाही. पण विचारायला मला दुसरं कुणी सुचत नाही.